सरपणाचा हिशोब गावाने ठेवावा

शिमगा होऊन गेला. पळसाची फुलं गळायला लागली, मोह टपकतोय, आणि पाड्यापाड्यांत राबाची टहाळी पसरून झाली. अजून ऊन आहे. मृग लागला की चार महिने रानात वाळलं लाकूड मिळत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी दर साली मे महिन्याच्या शेवटी तीच पळापळ होते. आभाळ काळं झालं की बाया कोयते घेऊन डोंगराकडे धावतात, मिळेल ते ओलं-सुकं तोडतात, आणि नेमका त्याच दिवसांत रखवालदार वाटेवर बसलेला असतो. मग कुणाचा कोयता जातो, कुणाची कोंबडी जाते, कुणी दहा-वीस रुपये देऊन सुटतं. पावती कुणालाच मिळत नाही.

मागच्या बैठकीत बायांनी हा विषय काढला तेव्हा आमच्यातले काही जण हसले. जमिनीचं बोलायला जमलोय, त्यात लाकडाचं काय, असं एकाने म्हटलं. त्यावर मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "प्लॉट नावावर झाला नि चूल पेटली नाय, तर सातबारा शिजवून खाशील का?" मग कुणी हसलं नाही. त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं. त्यातून जे निघालं ते आम्ही इथे लिहीत आहोत. सगळ्यांना पटेल असं नाही, पण बोललं तर पाहिजे.

आधी लाकूड किती लागतं ते बघू. आपण मोळ्या आणतो, जाळतो, पण मोजत कधी नाही. ज्यांनी यंदाच वेगळी चूल मांडली आहे त्या पोरांना तर काहीच अंदाज नसतो. आईच्या घरी लाकूड होतंच, ते कुठून आलं हे कधी बघितलेलं नसतं. म्हणून बैठकीतच आम्ही जमिनीवर खडूने हिशोब मांडला.

समजा घरात सहा माणसं आहेत. सकाळी नागलीची भाकर, रात्री भात नि कालवण, मध्ये पाणी तापवणं. सुकं लाकूड असेल तर दिवसाला सहा किलो धरू. पावसाळ्यात ते पुरत नाही. कपडे सुकवायचे, लावणीहून भिजून आलेल्या माणसाने शेकायचं, पोराला खोकला झाला तर रात्रभर विस्तव ठेवायचा. तेव्हा आठ किलो धरू. चार महिने म्हणजे १२० दिवस. १२० गुणिले आठ, ९६० किलो. एका बाईच्या डोक्यावरची मोळी २५ किलोची धरली तर ३८ ते ३९ मोळ्या झाल्या. घरात बाळंतीण असेल, आजारपण असेल, पाहुणे येतील, त्यासाठी पाच-सहा आणखी. म्हणजे ४५ मोळ्या माचीवर पाहिजेत तेव्हा घर पाऊसभर निश्चिंत.

आता दुसरी बाजू. बाई आठवड्यातून तीन वेळा रानात गेली तर तीन मोळ्या येतात. पण त्या आठवड्यात चूल बंद नसते. रोजचे सहा किलो म्हणजे आठवड्याचे ४२ किलो, जवळजवळ दोन मोळ्या तिथल्या तिथे जळून जातात. माचीवर चढते ती एक, फार तर सव्वा. शिमग्यापासून मृगापर्यंत साडेबारा आठवडे मिळतात. साडेबारा आठवड्यांत बारा-पंधरा मोळ्या साठतात, आणि पाहिजेत ४५.

हा आकडा जमिनीवर लिहिला तेव्हा बैठकीतली पुरुष मंडळी गप्प झाली. बायांना तो नवीन नव्हता. त्यांनी तो आकड्यात सांगितला नव्हता एवढंच. उरलेल्या तीस मोळ्यांसाठीच ती मेअखेरची पळापळ असते, आणि त्याही पुऱ्या होत नाहीत. मग भर श्रावणात ओल्या फांद्या चुलीत जातात आणि धुराने डोळे जातात ते बाईचेच.

कुणाच्या घरी माणसं कमी-जास्त असतील, मोळी लहान-मोठी असेल. प्रत्येकाने आपल्या घराचा आकडा आपण काढावा. पण कितीही ओढाताण केली तरी एक गोष्ट निघतेच, की एकट्या बाईच्या डोक्याने घराचं पावसाळ्याचं सरपण भरत नाही.

मग कशाने भरतं? बैलगाडीने भरतं. रानात पडलेले, वाळलेले मोठे ओंडके असतात. वादळात मोडलेला ऐन, कूप तोडून गेल्यावर मागे राहिलेल्या वाकड्या फांद्या नि बुंधे. हे बाईला उचलत नाही. दोन गडी, कुऱ्हाड, पाचर आणि गाडी असेल तर एका दिवसात पंधरा-सोळा मोळ्यांचं लाकूड घरी येतं. दोन दिवसांत तीस. म्हणजे जी तूट बाई साडेबारा आठवड्यांत भरू शकत नाही, ती गाडी दोन दिवसांत भरते.

पण गाडी नेत कोण नाही. का नेत नाही ते सगळ्यांना माहीत आहे. १९२७ च्या जंगल कायद्याच्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात झाड तोडणं, फांदी छाटणं, साल काढणं हा गुन्हा आहे. कलम ५२ प्रमाणे गुन्ह्यात वापरलेली हत्यारं, गाडी आणि जनावरंसुद्धा जप्त करता येतात. ज्याची बैलजोडी गेली त्याची त्या सालची शेती गेली. म्हणून गडी गाडी घेऊन जात नाही आणि बाईला पाठवतो. बाईला धरलं तर जाऊन जाऊन कोयता जाईल. असं करत करत कायद्याचा सगळा भार तिच्या डोक्यावर येऊन बसला. आपण म्हणतो सरपण हे बायांचं काम. ते रीतीने बायांचं झालं की जप्तीच्या भीतीने, याचा विचार पुरुषांनी करावा. आमच्यातले जुने लोक सांगतात की त्यांच्या लहानपणी जाड लाकूड गडीच आणायचे.

आता ज्यांची चूल नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं लिहितो. जुन्या माणसांनी हे सोडून पुढे वाचलं तरी चालेल.

लाकूड आणलं म्हणजे सरपण झालं असं नाही. ते वाळलं पाहिजे. ओंडका तसाच टाकून ठेवला तर वरून सुकलेला दिसतो पण आत ओल राहते. तो फाळून उन्हात टाकला तर दोन-तीन महिन्यांत कामाचा होतो. म्हणून जाड लाकूड आत्ताच आणून फाळायचं, बारीक काटक्या शेवटी आणल्या तरी चालतात. पुष्कळ जण बरोबर उलटं करतात. वाळलं की नाही ते बघायला टोकाला चिरा पडल्यात का पाहा, दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. सुक्याचा आवाज टणक येतो, ओल्याचा नुसता थप्प. चुलीत घातल्यावर टोकाने फेस आला तर समजा अर्धा जाळ त्याची ओल उडवण्यातच जाणार.

रचताना खाली दगड मांडा, त्यावर दोन आडवी लाकडं टाका, मग थर लावा. जमिनीवर ठेवलं तर उधई खाते. कुडाला चिकटवून रचू नका. वरून पेंढा नि पळसाची पानं घाला, बाजू मोकळ्या ठेवा, वारा खेळला पाहिजे. पावसाळ्यात चुलीवरच्या माचीवर उद्याचं लाकूड आज चढवायचं, म्हणजे ते रात्रभर शेकून निघतं.

कुठलं लाकूड, हेही नव्या पोरांना सांगावं लागतं. धावडा, ऐन, बाभूळ यांचा निखारा टिकतो. रात्री एक ओंडका राखेखाली पुरून ठेवला तर सकाळी काडेपेटी लागत नाही. सावर, पांगारा, शेमट हलके, भसकन पेटतात नि राख होतात. ते पेटवणाला ठीक. पेटवणाला घाणेरीसुद्धा चांगली. ती रानभर माजली आहे, आपली गुरं तिला तोंड लावत नाहीत, खातं तिच्यासाठी कुणाला धरत नाही. ती मुळापासून उपटून आणली तर जंगलाचंही भलं. बिब्ब्याचं लाकूड चुलीत घालू नका, त्याचा धूर अंगावर उततो. खैराला हात लावू नका, त्यावर खात्याचा नि काताच्या व्यापाऱ्याचा दोघांचा डोळा आहे. मोहाचं तर सांगायलाच नको. जो मोहाला कुऱ्हाड लावतो त्याने आपल्याच घरचं कणगं फोडलं.

राबाचंही एक. टहाळी राबावर पसरण्याआधी त्यातल्या अंगठ्याएवढ्या नि त्याहून जाड काड्या बाजूला काढल्या तर राबाचं काही बिघडत नाही आणि पेटवणाची भर होते. यंदा बहुतेकांचे राब पसरून झाले. पुढच्या साली लक्षात ठेवावं.

सरकारने बिनधुराच्या चुली वाटल्या. त्यात लाकूड कमी लागतं हे खरं, बायांच्या डोळ्यांनाही बरं. पण आपल्या चुलीवर नुसता स्वयंपाक होत नाही. तिच्या धगीवर घर शेकतं, वर बियाणं सुकतं, धुराने छपराला कीड लागत नाही. हे ज्याला माहीत नाही त्याने चूल केली की ती दुसऱ्या पावसाळ्यात कोंबड्यांची जागा होते. साधी वैलाची चूल नीट घातली, भांड्यावर झाकण ठेवलं, वाल-उडीद रात्री भिजत घातले, तरी बरंच लाकूड वाचतं.

आता कडू बोलायचं आहे.

जंगल कुणी संपवलं, असं विचारलं की साहेब लोक डोंगराच्या पायवाटेवर चाललेल्या मोळीवालीकडे बोट दाखवतात. आपण म्हणतो ते खोटं आहे. इंग्रजांच्या काळापासून कूप तोडून मालाच्या गाड्या मुंबईला गेल्या, कोळशाच्या भट्ट्या लागल्या, मिश्र रान साफ करून साग लावला, हे सगळं आपल्या बापजाद्यांच्या डोळ्यांसमोर झालं. बहुतेकदा मजुरीला आपणच होतो. १९४५ साली वारल्यांनी लाल बावट्याखाली जो लढा केला त्याच्या पाठीमागे सावकार-जमीनदारांची वेठ जशी होती तशी ठेकेदारांची जंगलातली मजुरीही होती. तेव्हा मोळीवालीने जंगल संपवलं हे आम्हाला कबूल नाही.

पण पाड्याच्या जवळचं रान? जिथे आपण रोज जातो ते? तिथे आता काय उरलं आहे ते बघायला साहेबाची गरज नाही. जिथे पूर्वी घटकाभरात मोळी व्हायची तिथे आता दोन टेकड्या ओलांडाव्या लागतात. त्यात आपला वाटा आहे. पावसाच्या तोंडावर घाई करून आपण उभी कोवळी झाडं गुडघ्यावर तोडतो, कारण ती जवळ असतात नि लवकर तुटतात. गेल्या काही सालांत रस्त्यावर येणाऱ्या टेंपोला लाकूड विकणंही वाढलं आहे. त्यात विधवा बाई आहे, बिनजमिनीची कातकरी कुटुंबं आहेत, ज्यांना त्या दिवशीचं मीठ-मिरची मोळीवरच आणायचं असतं. त्यांना आम्ही बोलणार नाही, कुणी बोलू नये. पण ज्याच्याकडे भात आहे, ज्याचा भाऊ नोकरीला आहे, तो जेव्हा ओला ऐन तोडून टेंपोवाल्याला ढीग घालतो तेव्हा तो गावाची चूल विकतो. बैठकीत हे नावासकट बोललं गेलं. इथे नावं लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं आहे.

म्हणून आमचं म्हणणं असं की लाकूड किती लागतं, कुठून आणायचं, कुठून नाही, हे पाड्याने बसून ठरवावं. जवळच्या रानातला एक तुकडा दोन-तीन पावसाळे सोडून द्यावा. ऐन-बोंडाऱ्याच्या खोडाला फुटवा येतो, त्याला वाढू द्यावा. उभ्या झाडाची फांदी घ्यायचीच तर खोड राखून घ्यावी. गाडीचं लाकूड फक्त पडलेलं नि वाळलेलं. टेंपो गावात येऊ द्यायचा नाही. हे खात्याच्या सांगण्यावरून नाही, आपल्या सोयीने.

आणि वीटभट्टीवर गेलेल्यांचं काय? हा प्रश्न एका बाईने विचारला. ती स्वतः भिवंडीकडच्या भट्टीवर चार हंगाम जाऊन आलेली. दिवाळी झाली की उचल घेतलेली घरं भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. सरपण भरायचे सगळे दिवस त्यांचे विटा थापण्यात गेले. परत येतात तेव्हा माच रिकामी, छपराला शाकारणी नाही, हातात हिशोब फिटून उरलेले थोडे पैसे. तीच माणसं घाईत ओलं तोडतात आणि तीच जास्त पकडली जातात. मग त्यांना गाव नावं ठेवतं. त्या बाईने सांगितलं की एका साली त्यांनी आषाढात घराच्या जुन्या दाराच्या फळ्या जाळल्या.

यावर आम्हाला असं वाटतं की जी घरं मागे राहतात त्यांनी भट्टीवर गेलेल्या घरांसाठी दोन-दोन मोळ्या बाजूला रचून ठेवाव्यात. गाडी गेली तर एक गाडी त्यांच्या नावाची. परतल्यावर त्यांनी ते लावणीच्या कामात फेडावं. एकमेकांच्या लावणीला जायची रीत आपल्यात आहेच. हे दान होत नाही, उसनवार होते. काहींनी म्हटलं की आपलंच पुरत नाही, दुसऱ्याचं कुठून भरायचं. खरं आहे, डोक्यावरून भरायचं तर नाहीच पुरणार. गाडी मोकळी झाली तरच हे होईल. म्हणून शेवटी गोष्ट गाडीवर येते, आणि गाडीची गोष्ट कायद्यावर.

गाव जंगलाजवळ असणं हा एक योगायोग आहे, त्यामुळे देशाच्या हक्काला बाध येत नाही, अशा अर्थाचं १९५२ चं वनधोरण होतं. म्हणजे आपण जन्मलो ती जागा हा योगायोग, आणि मुंबईच्या वखारीत ऐनाचे ओंडके पोचणं हे देशहित. डिसेंबर १९८८ मध्ये दिल्लीने नवं वनधोरण केलं. त्यात पहिल्यांदा असं लिहिलं आहे की आदिवासींची घरगुती गरज, म्हणजे सरपण, चारा, गौण वनउपज आणि घरासाठीचं लाकूड, यांचा जंगलाच्या उत्पन्नावर पहिला हक्क राहील. आधी गावाची चूल, मग बाकीचे. धोरण हा कायदा नव्हे. १९२७ चं कलम २६ जागच्या जागी आहे आणि रखवालदाराला धोरण दाखवलं तर तो हसेल. पण मोर्चात, अर्जात, साहेबाच्या टेबलावर हे धोरण आपल्या बाजूने आहे. पहिला हक्क द्यायचा तर किती द्यायचा, असं साहेब विचारील. त्या वेळी आपल्याकडे आकडा पाहिजे. पाड्यात किती चुली, एका चुलीला किती मोळ्या, त्यातलं पडलेल्या लाकडातून किती भागतं. तो आकडा आपण नाही ठेवला तर खातं आपला आकडा लिहील. आणि त्यांच्या वहीत तो सरपण म्हणून लिहिला जाणार नाही, नुकसान म्हणून लिहिला जाईल.

इथे बैठकीत मोठा वाद झाला, तो सांगितला पाहिजे. एक साथी म्हणाला, आपण मोळ्या लिहायला लागलो तर तीच वही उद्या आपल्याविरुद्ध पुरावा होईल. गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. ही भीती खोटी नाही. कायदा आहे तसा वाचला तर प्रत्येक चूल गुन्हेगार आहे.

पण जमिनीच्या वेळी काय झालं ते आठवा. १९७८-७९ च्या सरकारी ठरावांनी ३१ मार्च १९७८ पर्यंत कसत असलेले प्लॉट कायम करायचं ठरलं, तेव्हा सरकारने पुरावा मागितला. ज्यांनी रखवालदाराला गुपचूप कोंबडी-दारू देऊन साली काढल्या, त्यांच्याकडे कागद नव्हता. ज्यांच्यावर केस झाली, ज्यांनी दंड भरला आणि फाटकी पावती छपरात खोचून ठेवली, त्यांच्याकडे पुरावा निघाला. गुन्ह्याची म्हणून दिलेली पावती कसवणुकीची साक्ष झाली. ज्या कागदाची लाज वाटायची तोच कामाला आला. सरपणाचं उद्या काय होईल ते आज कुणी सांगत नाही. पण कोंबडी देऊन सुटलेल्याचं कधीच काही होत नाही, एवढं आपण बघितलं आहे.

भीती कमी करायला म्हणून असं ठरलं की वहीत कुणा एकाचं नाव लिहायचं नाही. फक्त पाड्याचा आकडा लिहायचा. किती चुली, किती माणसं, किती मोळ्या लागतात. कुणी कुठून आणल्या ते नाही. ती वही गरजेची असेल. सगळे राजी झाले असं नाही. तो साथी अजून राजी नाही, आणि त्याने आपलं म्हणणं पुढच्या बैठकीत मांडावं.

धरलं तर काय करायचं, हे बायांना तोंडपाठ पाहिजे. केस न करता पैसे घेऊन गुन्हा मिटवायची सोय कायद्यात कलम ६८ मध्ये आहे, पण तो अधिकार रेंजरच्या खालच्या माणसाला देता येत नाही. रखवालदार वाटेवर पैसे मागत असेल तर तो दंड नव्हे. पावती मागा. देत नसेल तर पैसे देऊ नका. कोयता-कुऱ्हाड जप्त केली तर त्यावर खूण करून वर कळवावं लागतं, कोयता काढून घेऊन घरी नेता येत नाही. एकट्या बाईला हे बोलणं कठीण आहे, रानात तर फारच. म्हणून सरपणाला एकटीने जाऊ नये, चार-पाच जणींनी मिळून जावं. आमच्या पाड्यात मागच्या साली पाच जणी बरोबर होत्या, तेव्हा पावती द्या असं नुसतं म्हटल्यावर रखवालदाराने कोयते परत दिले. एकटीला धरलं होतं तेव्हा दिले नव्हते.

मागणी एवढीच की शिमगा ते मृग या दिवसांत पाड्याने ठरवलेल्या दिवशी पडलेलं, वाळलेलं लाकूड बैलगाडीने आणायला लेखी परवानगी द्यावी. कलम २६ मध्येच लिहिलं आहे की अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने केलेलं काम गुन्हा होत नाही. म्हणजे नवीन कायदा लागत नाही, सहीची गरज आहे. दुसरं, राखीव करताना आपल्या गावाच्या नावाने कोणते हक्क, कोणत्या सवलती नोंदल्या होत्या, ते कागद प्रत्येक गावाने रेंज ऑफिसात लेखी मागावेत. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतले लोक जंगलाच्या जाचाविरुद्ध इतके ओरडले की इंग्रज सरकारला १८८५ साली चौकशीला कमिशन नेमावं लागलं. राब, टहाळी, सरपण हेच प्रश्न तेव्हाही होते. आपल्या आज्यांच्या वेळचं भांडण आहे हे, कुणी आता शिकवलेलं नाही.

अर्जाचा मजकूर बैठकीत वाचून दाखवू. त्याला पाड्याचा आकडा जोडायचा आहे, म्हणून प्रत्येक घराने आजपासून मोळ्या मोजायच्या. ज्याला लिहिता येतं त्याने लिहावं. बाकीच्यांनी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढावी, एका मोळीला एक. जळालेल्या मोळीची रेघ वेगळ्या बाजूला. भट्टीवर गेलेल्या घराची रेघ शेजाऱ्याने आपल्या भिंतीवर ठेवावी. चैत्रातल्या बैठकीला आकडा घेऊन यायचं, आणि त्याआधी कुणी भिंत सारवणार असेल तर रेघा मोजून घ्याव्यात.